डोलकाठीवरची रोवळी

२०३८ साली माडबंदरच्या बोटींच्या डोलकाठ्यांवरून रोवळ्या उतरल्या आणि २०४१च्या कार्तिकात त्यांतली एक पुन्हा वर चढली. ही गोष्ट त्या एका रोवळीची, आणि ती चढवणाऱ्या वैजयंती मेथर हिची.

रोवळी म्हणजे तुमच्या-आमच्या घरातली तीच, बांबूच्या कामट्यांची, तांदूळ धुतले की पाणी गळून जावं अशी विणलेली. ती स्वयंपाकघरातून निघून डोलकाठीवर कशी पोचली याच्या बंदरात निदान चार कथा होत्या, आणि प्रत्येक कथेत ती पहिल्यांदा वर बांधणारी बाई सांगणाऱ्याच्याच घराण्यातली असे. ते राहू दे. रिवाज मात्र सगळ्यांचा एकच होता. किनाऱ्यापासून लांब, जिथे हिरवट पाणी संपून शाईसारखं निळं पाणी लागतं, तिथे ज्या बोटीला कुप्यांचा थवा सापडे (शहरात ज्याला ट्युना म्हणतात तोच आमचा कुपा) ती बोट कावेने रंगवलेली लाल रोवळी डोलकाठीच्या टोकाला चढवी. ज्याला ती दिसे तो आपलीही रोवळी चढवी, म्हणजे त्याच्याही पलीकडच्याला कळावं, आणि मग निघून येई. आल्यावर वाऱ्याच्या खालच्या अंगाला बोट लावायची, तारलीच्या तुकड्यांची एक मूठ पाण्यात फेकायची आणि मगच गळ सोडायचा. आधी मूठ, मग गरी. मूठ न टाकता गरी टाकणाऱ्याच्या घरात बंदरातलं कोणी मुलगी देत नसे.

ज्याने थवा शोधला त्याची बर्फाची पेटी भरली की तो रोवळी उतरवी. रोवळी उतरली की सगळ्यांनी गळ वर घ्यायचे, मग कोणाची पेटी अर्धी असो की रिकामी. आणि ज्या बोटीवर रोवळी नाही, तिच्या माशांजवळ जायचं नाही. ती चोरी.

यात निव्वळ चांगुलपणा होता असं नाही. कुपा हा चंचल मासा. एकट्या बोटीच्या आमिषाला तो जरा वेळ भुलतो आणि मग सगळाच्या सगळा थवा दगडासारखा खाली जातो. पाच-सात बोटींनी चहूबाजूंनी मुठी टाकल्या तर तो वरच घोटाळतो. शिवाय एक मासा गळाला लागलेलाच पाण्यात ठेवायचा, बोटीच्या मागे पोहता. त्याला खुंट्याचा मासा म्हणत. तो तिथे आहे तोवर त्याची भावकी हलत नाही. मात्र त्याला फार वेळ ठेवायचं नाही. दुसरा लागला की पहिला पेटीत घ्यायचा.

का, ते सांगायला हवं. बहुतेक मासे ज्या पाण्यात असतात त्या पाण्याइतकेच थंड असतात. कुपा तसा नाही. त्याच्या अंगात थंड रक्त आत नेणाऱ्या आणि गरम रक्त बाहेर आणणाऱ्या शिरा एकमेकींना बिलगून जाळीसारख्या पसरलेल्या असतात. बाहेर निघालेलं गरम रक्त वाटेतच आपली ऊब आत येणाऱ्या थंड रक्ताला देऊन जातं. त्यामुळे अंगातली ऊब अंगातच राहते आणि कुपा भन्नाट वेगाने पळतो. पण हेच त्याच्या मुळावर येतं. गळावर तो फार वेळ झुंजला की ती ऊब बाहेर पडायला वाट नसते. मासा आतल्या आत शिजतो. त्याचं मांस फिकं, पिठूळ आणि आंबट होतं. त्याला करपलेला कुपा म्हणतात आणि जे लोक तो कच्चा खातात, ते अशा माशाकडे बघतही नाहीत. म्हणून कुपा झटपट आत घ्यायचा, डोळ्यांच्या मध्ये सुरी घालून एका घावात शांत करायचा, परामागे चिरून रक्त वाहू द्यायचं आणि बर्फाच्या पाण्यात बुडवायचा.

वैजूला हे सगळं शिकवलं ते हुसेन होडेकरने. हुसेन खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला, तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, ‘नूर’ या बोटीचा तांडेल. वैजूचा नवरा यशवंत याची पाठ रिकाम्या दर्यात मासे धुंडता धुंडता कामातून गेली, तेव्हा ‘सातेरी’ बोट विकायची की वैजूने तांडेल व्हायचं असा प्रश्न आला. हुसेन म्हणाला होता, “इकूक कित्याक होयी? ही पोर वाऱ्याक तोंड दिता. तितका पुरे.” पहिला हंगाम तो तिच्या बोटीला बोट लावून असे. तिची सुरी चुकली की पलीकडून ओरडे, “वैजू, मासो मारतंस की तेची हजामत करतंस गो?”

त्या वैजूच्या डोलकाठीवरून रोवळी उतरली ती तिच्या स्वतःच्या मुलीमुळे.

शर्वरी लहानपणापासून हुशार. बाप खाटेवर कुशीवर वळताना कण्हत असे ते ऐकत ती वाढली आणि शिकून ‘नीलांबु’ नावाच्या कंपनीत लागली. तिथे तिने आणि तिच्या सोबत्यांनी जे यंत्र केलं त्याचं कागदावरचं नाव काहीतरी लांबलचक होतं. माडबंदरने त्याला ‘हुंग्या’ म्हटलं आणि तेच राहिलं.

ती घरी आली की चुलीपाशी बसून आईला समजावून सांगे. माणूस घरातून गेला तरी त्याचा एखादा केस, अंगावरचा कोंडा मागे उरतोच. तसाच मासाही पोहता पोहता खवले, बुळबुळीत चिकटा, विष्ठा मागे टाकत जातो. त्या प्रत्येक कणात तो कोणत्या जातीचा आहे हे लिहिलेलं असतं आणि ते वाचता येतं. पाण्यात ही खूण दोनेक दिवसांत विरून जाते. जितकी अखंड तितकी ताजी, जितकी झिजलेली तितकी जुनी. समुद्रात कंपनीने ठिकठिकाणी तरंगती पिंपं सोडली. ती घोट घोट पाणी पिऊन ही लिखावट वाचत आणि वारा कुठला, प्रवाह कुठला याचा हिशोब करून सांगत, की कुपे आता अमुक ठिकाणी आहेत आणि दुपारपर्यंत तमुक ठिकाणी जातील.

“म्हणजे आता वणवण नको,” शर्वरी म्हणाली. “बाबांची पाठ कशी गेली ता इसारलंस? सरळ जावचा, मासो घेवचो, घराक येवचा.”

आणि तसंच झालं. हुंग्याची पेटी सुकाणूजवळ बसली. ती बाईच्या आवाजात, अगदी पुणेरी मराठीत बोलत असे. “सातेरी, नमस्कार. आपले आजचे वर्तुळ दक्षिणेस आहे. कृपया प्रस्थान करावे.” वैजूचा दीर दिगू हा बोटीवरचा खलाशी आणि बंदरातला सर्वांत चहाटळ माणूस. तो पेटीकडे बघून म्हणे, “ह्या बाईक कोणीतरी सांगा रे, आमच्यात आदी ‘जेवलास काय’ म्हणान इचारतत!” दुसरा खलाशी पास्कू फर्नांडिस मितभाषी. तो फक्त हसे आणि तारली चिरत राही.

प्रत्येक बोटीला हुंग्या वेगळं वर्तुळ देई, एकमेकांपासून दूर, म्हणजे कोणी कोणाच्या आड येऊ नये. अट एकच होती. हुंग्याने सांगितलेली जागा दुसऱ्या कोणाला कळवायची नाही. तोंडाने नाही, फोनवर नाही, खुणेनेही नाही. डोलकाठीच्या टोकाला कंपनीने कॅमेरा बसवला होता. मासा कोणी, कुठे आणि किती वेळात धरला हे तो बघे आणि त्यावरून परदेशच्या गिऱ्हाइकासाठी प्रत्येक माशाचा दर्जा ठरे. त्या कॅमेऱ्याची कडी बरोबर तिथेच बसली, जिथे पूर्वी रोवळी लागत असे.

वैजूने रोवळी खाली उतरवली आणि घरी आणली. कावेचा रंग घासून काढला तरी पुरता निघाला नाही. तिच्यात धुतलेले तांदूळ महिनाभर किंचित गुलाबी दिसत. यशवंत म्हणे, “आमच्याकडे रोज सणाचा भात.”

हुसेनने हुंग्या घेतला नाही.

*

तीन हंगाम बरे गेले. चौथ्या हंगामात, दसऱ्याच्या आसपास, वैजू आपल्या वर्तुळात होती आणि मासा चांगला लागत होता. सुरय पक्षी पाण्यावर तुटून पडत होते. पास्कूने मान वर करून उत्तरेकडे बोट दाखवलं. क्षितिजावर एक बोट होती. निळा पट्टा, जरा डावीकडे कललेली डोलकाठी. ‘नूर’.

हुसेन रिकाम्या पाण्यात फिरत होता. गळांच्या काठ्या दोन्ही अंगांनी पसरलेल्या आणि दोऱ्या सैल. त्याने सुरय पाहिले असणारच. दर्यावर चाळीस वर्षं काढलेला तांडेल तो, पक्ष्यांवरून खाली काय आहे ते त्याला कळणार नाही होय? त्याने बोटीचं तोंड वळवलं आणि तो जवळ आला. इतका जवळ, की त्याची पांढरी टोपी दिसावी. तिथे त्याने इंजिन मंद केलं आणि ‘सातेरी’च्या डोलकाठीकडे पाहिलं.

वर कॅमेऱ्याचा काळा डोळा होता. रोवळी नव्हती.

वैजूचे हात गळावर होते. हात हलवून बोलवावं असं तिच्या मनात आलं. शर्वरीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, अट आठवली, आणि हात गळावरच राहिले. हुसेनने एक हात कपाळाशी नेऊन सलाम केला, बोट फिरवली आणि तो गेला.

दिवाळी झाल्यावर धक्क्यावर हुसेन भेटला. दोरीची वेटोळी करत बसला होता.

“वैजू, बोट दितंय मी.”

“कोणाक?”

“रिसॉर्टवाल्याक. बागेत उभी करतलो म्हणता. तिच्यात झाडां लावतलो.”

“झाडां?”

“जास्वंदीची.” त्याने दोरीला गाठ मारली. “मी रोज सकाळी जावन पाणी घालीन. तांडेलाक पाण्याचा कायतरी काम होया ना.”

वैजूला हसू आलं नाही. “हुंग्या घेवा ना, हुसेनभाय. मी शर्वरीक सांगतंय.”

“घेतलो असतो गो. पण ती तुमची बाई माका सांगतली, अमक्या जागेर जा. मी जायन. मासो गावतलो. आणि बाजूक तू दिसलंस तर तोंड फिरवूक होया.” त्याने दोरी खाली ठेवली. “ह्या वयात मानेक नवी सवय लागणा नाय.”

“त्या दिवशी तुमी आमका बघलात.”

“बघलंय. रोवळी नव्हती म्हणान येवक नाय.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वैजूला बरं वाटलं असतं. “कार्तिक संपासर जातलंय. मगे गाडी येतली ‘नूर’क न्हेवक.”

त्या रात्री तिने शर्वरीला फोन केला. हुसेनपुरती अट सैल करता येईल का, एवढंच विचारायचं होतं.

“नाय, आई,” शर्वरी म्हणाली. “एका बोटीन खूण केली तर धा बोटी वर्तुळां सोडतीत. मगे हिशोब चुकता, एकाच थव्यावर सगळे पडतत. आणि आमचा लहान बंदर कंपनीन माज्या शब्दावर घेतल्यान. पयली अट तुयाच मोडलंस तर मी थय कोणत्या तोंडान बसू?”

ती खोटं बोलत नव्हती, आणि वैजूला तेच अवघड गेलं. यंत्र वाईट नव्हतं, मुलगी वाईट नव्हती, अटीलाही कारण होतं. तरीही ‘नूर’मध्ये जास्वंद लागणार होती.

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. मडक्यात काव भिजवली आणि रोवळी रंगवायला बसली. यशवंत खाटेवरून बघत होता. “उद्या भात कोणत्या रंगाचो?” त्याने विचारलं.

“उद्या भात नाय,” वैजू म्हणाली. “उद्या मासो.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हुंग्याने तिला नैर्ऋत्येचं वर्तुळ दिलं. थवा मोठा होता, पिवळ्या पराच्या कुप्यांचा. एकेक मासा उडी मारून पाण्याबाहेर येई, तेव्हा पितळेची परात उन्हात धरल्यासारखं होई. दिगूने सुकाणू धरलं, पास्कूने तारली टाकली. मासे भराभर लागत गेले आणि उन्हं चढेपर्यंत पेटी बरीच भरली. क्षितिजावर उत्तरेला, मागच्या वेळेसारखाच, तो निळा ठिपका आला. हुसेन पक्ष्यांचा माग काढत आला होता. बऱ्याच अंतरावर त्याने इंजिन मंद केलं. या वेळी जवळही आला नाही.

वैजूने गळ पास्कूच्या हातात दिला, रोवळी काखोटीला मारली आणि डोलकाठीवर चढायला लागली.

“वयनी!” दिगू ओरडला. “थय जागा खय आसा? डोळो बसवलेलो आसा थय!”

“मगे डोळ्यार बसवतंय.”

आणि तिने तेच केलं. रोवळी पालथी केली, कॅमेऱ्यावर टोपीसारखी घातली आणि कडीला सुतळीने करकचून बांधली.

खाली हुंग्याची पेटी बोलली, “सातेरी, आपल्या डोलकाठीवर अडथळा आढळला आहे. कृपया दूर करावा.”

“अडथळो न्हय तो,” वैजू वरूनच म्हणाली. “रोवळी ती.”

‘नूर’ हलली नाही. वैजू उतरली, नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, जाऊन उभी राहिली. शेवटी हुसेन हळूहळू हाकेच्या अंतरावर आला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, “वैजू! ती रोवळी चुकान वर रवली काय गो?”

“चुकान ती उतरली होती, हुसेनभाय!”

हुसेन खाली वाकला. उठला तेव्हा त्याच्या हातात त्याची स्वतःची रोवळी होती, रंग उडालेली, एका बाजूने उसवलेली. तीन वर्षं तो ती बोटीतच बाळगून होता. ती त्याने चढवली, ‘नूर’ वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणली आणि तारलीची मूठ लांबवर फेकली. तारली पाण्यात पडली, पाणी फुटलं, आणि मग त्याने गरी टाकली.

“सातेरी, आपल्या वर्तुळात अन्य नौका आहे.”

“आसा तर आसा,” दिगू म्हणाला. “चाय पिवक येतंस?”

पुढचं कोणी ठरवलं नव्हतं. हुसेनची रोवळी आणखी उत्तरेला असलेल्या जुवाटकरांच्या बोटीला दिसली. त्यांच्याकडे हुंग्या होता, कॅमेरा होता, पण म्हाताऱ्या बावा जुवाटकरला लाल ठिपका दिसल्यावर काय करायचं हे विचार करून ठरवावं लागत नव्हतं. रोवळी नव्हती म्हणून त्याने बायकोने दिलेली भाकरीची लाल फडकी काठीला बांधली. ती आणखी कोणाला दिसली. एकेक बोट आपलं वर्तुळ सोडून निघाली. प्रत्येकीवर ती पुणेरी बाई नम्रपणे रागावत होती. पहिल्या दोन बोटी आल्या तेव्हा त्यांचे तांडेल जरा ओशाळले होते. तीन वर्षं ज्यांची तोंडं समुद्रावर पाहिली नव्हती त्यांच्याशी पहिल्यांदा काय बोलायचं? मग कोणीतरी म्हणालं, “मेल्या, जाडो झालंस!” आणि सगळं सुरळीत झालं.

मुठी पडत राहिल्या. थवा वरच घोटाळत राहिला.

अडचण वैजूची होती. तिच्या पेटीत आता एकाच माशाची जागा उरली होती आणि तो एक मासा तिच्या गळावर, खुंट्याला, बोटीच्या मागे पोहत होता. तो आत घेतला की पेटी भरली, रोवळी उतरली, सगळ्यांचे गळ वर. सोडून द्यावा तर सुटलेला कुपा थव्याला घेऊन जातो, हे सगळ्यांना माहीत. आणि हुसेनची पेटी पाव भरली होती. बावाची बोट इंजिन खोकत अजून लांबून येत होती.

म्हणून तिने तो मासा धरून ठेवला.

“सातेरी, गळावरील मासा तापत आहे,” हुंग्याची पेटी म्हणाली. दोरीवरचा ताण आणि लोटलेला वेळ यांवरून तिला ते कळे. “त्वरित आत घ्यावा.”

गळाची तंगुसाची दोरी वैजूच्या हातमोज्यात रुतत होती. मासा खाली बुडी मारी, ती सैल सोडी. तो वर येई, ती गोळा करी. तिने कितीतरी कुपे आत ओढले होते. पण आत न ओढता धरून ठेवणं हे वेगळंच काम होतं.

“मासो चांगलो आसा गो, वयनी,” दिगू हळूच म्हणाला. “ह्या सालचो सगळ्यांत मोठो. करपतलो.”

“करपू दे.”

“सातेरी, माशाचा दर्जा घसरला आहे.”

“हात बदल तरी,” दिगू म्हणाला.

“नको. माका त्याचा वजन कळूक होया.”

बावा आला. फडकी फडफडत होती. त्याने मूठ टाकली, गरी टाकली, आणि दर्याची मर्जी अशी, की त्याला लागेपर्यंत बराच वेळ गेला. सगळ्या बोटी त्याच्याकडे बघत होत्या. त्याच्या काठीला बाक आला तेव्हा कोणीतरी शिट्टी मारली. हुसेनचे दोन आले, मग आणखी दोन. वैजूच्या गळावरचा मासा आता बुड्या मारत नव्हता. तो नुसता जड झाला होता, पाण्याने भरलेल्या घागरीसारखा.

“सातेरी, दर्जा शून्य.”

“धन्यवाद,” वैजू म्हणाली, अगदी पुणेरी थाटात. पास्कू फर्नांडिस त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसला.

बावाचा दुसरा मासा आत आला तेव्हा तिने आपला ओढला. दिगूने आकडा घातला. तिने सुरीने त्याला एका घावात शांत केलं, पर उचलून चीर दिली आणि बोटं आत घातली. आत नुकत्याच तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखं गरम होतं. तिने मासा पेटीत ठेवला, झाकण लावलं, डोलकाठीवर चढून सुतळी कापली आणि रोवळी खाली आणली.

सगळ्यांत आधी हुसेनचा गळ वर आला. त्याची पेटी अर्धीच होती. मग बाकीच्यांचे.

*

तो करपलेला कुपा कोणी विकत घेणार नव्हतं. वैजूच्या अंगणात त्याचं कालवण झालं. हुसेन, बावा, जो तो वाडगं घेऊन आला.

“आंबट लागता,” हुसेन म्हणाला आणि वाडगं पुन्हा पुढे केलं.

“कोकम जास्त झाला,” वैजू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत ‘नीलांबु’चा अधिकारी बसला. तरुण, सभ्य, उन्हाने लाल झालेला. शेजारी शर्वरी. तिने आईकडे पाहिलं नाही.

“बाई,” अधिकारी म्हणाला, “एका जागी इतक्या बोटी आणल्यात. सगळा थवा मारला गेला असता तर?”

“रोवळी उतरल्यावर एक तरी गरी पाण्यात रवली काय? तुमचो कॅमेरो होतो ना वर?”

“कॅमेऱ्यावर रोवळी होती.”

“मगे तुमी बघूक नाय,” वैजू म्हणाली. “आमी बघलंव.”

खोलीत हशा पिकला. अधिकारीही कसनुसा हसला. मग त्याने मार्ग काढून दिला. रोवळी वाऱ्याने उडून अडकली असं वैजूने म्हणावं. तो तसं लिहील आणि सातेरीचा हुंग्या राहील. “तुमच्या मुलीसाठी तरी,” तो म्हणाला.

वैजूने शर्वरीकडे पाहिलं. शर्वरी आता तिच्याकडे बघत होती आणि त्या नजरेत विनवणी होती की भीती, हे आईलाही कळेना.

“वाऱ्याक रोवळी बांधूक येत असती तर आमी कित्याक जल्मलो असतंव?” वैजू म्हणाली. “मी बांधलंय. परत थवो गावलो तर परत बांधीन. माज्या चेडवाचा यंत्र खरा बोलता, माका तेच्याबद्दल तक्रार नाय. पण माशे खय आसत ता माका कळला आणि बाजूच्याक सांगूचा नाय, तर ता माका कळूकच नको. घेवन जावा.”

यंत्र काढून न्यायचं काम शर्वरीचं होतं. ती एकटीच बोटीवर आली. वैजूने डोलकाठी धरली, शर्वरी वर चढली. लहानपणी चढे तशीच, चपला काढून. आधी वायर आली खाली, मग कॅमेरा. बराच वेळ वरून स्क्रू फिरवल्याचा आवाज येत राहिला आणि थांबला.

“आई,” वरून आवाज आला. “कडी निघणा नाय. गंजली.”

“बरा.”

“रवांदे मगे हयच?”

“रवांदे.”

शर्वरी उतरली, चपला घातल्या आणि पेटी उचलून धक्क्यावर गेली. वैजू वर बघत राहिली. कडी स्टेनलेस स्टीलची होती. तीन पावसाळ्यांत तिच्यावर डागही पडला नव्हता.

*

त्यानंतर काय झालं, ते थोडक्यात.

रिसॉर्टवाल्याला दुसरी बोट मिळाली. तिच्यात जास्वंद लागली आणि छान फुललीही. हुसेन होडेकर आणखी सात हंगाम ‘नूर’ घेऊन जात होता आणि एका सकाळी अंथरुणातच गेला. ‘नूर’ त्याच्या पुतण्याकडे आहे. बावा जुवाटकरच्या बायकोने ती भाकरीची फडकी परत मागितली नाही.

माडबंदरच्या निम्म्या बोटींनी हुंग्या ठेवला, निम्म्यांनी परत केला. ज्यांनी ठेवला त्यांच्याही कॅमेऱ्यांवर दर हंगामात काही ना काही पालथं पडलेलं असे आणि नेहमी वाराच दोषी असे. दोनेक वर्षांनी कंपनीने हे बंदर सोडलं आणि मोठ्या बंदरांकडे वळली. तिथे आता माणसांवाचून बोटी जातात आणि कुपे आणतात. त्या कोणाला हाक मारत नाहीत. माडबंदरचा मासा परदेशी जात नाही. तो मालवण-कोल्हापूरच्या बाजारात जातो आणि तिथली माणसं त्याचा दर्जा चव घेऊन ठरवतात.

पास्कू फर्नांडिस जहाजावर गेला, जग फिरला आणि परत आला. काय पाहिलंस विचारलं तर हसतो. दिगू अजून ती पुणेरी बाई हुबेहूब करतो. लग्नकार्यात त्याला खास बोलावणं असतं. यशवंत पाठीसकट ऐंशी पार करून गेला.

शर्वरीने कंपनी आणखी काही वर्षांनी सोडली. मोडीत काढलेली तरंगती पिंपं तिने आणून दुरुस्त केली आणि आता ती सोसायटीची आहेत. ती काय हुंगतात ते रोज सकाळी धक्क्यावरच्या भोंग्यावर सांगितलं जातं, म्हणजे ज्याला कान आहेत त्या सगळ्यांना. थवा लहान असेल तर आज जाऊ नका, असंही सांगितलं जातं. त्या दिवशी भोंगा शिव्या खातो.

वैजू त्रेसष्टीपर्यंत तांडेल होती. मग गुडघ्यांनी डोलकाठी चढायला नकार दिला आणि ती धक्क्यावर बसून इतरांच्या चुका काढायला लागली. ‘सातेरी’वर आता शर्वरीचा नवरा जातो. डोलकाठीच्या टोकाला ती कडी तशीच आहे, अजून लखलखते. रोवळी अडकवायला ती फार सोयीची पडते.